मालगाडीचे इंजिन आणि त्याचा वारस

श्रोतेहो, पॅसेंजर आली की माणसे डब्यांकडे धावतात. मालगाडी गेली तर वाघिणी मोजण्यापलीकडे आपण काय करतो? पण धान्य, कोळसा, सिमेंट गावोगाव पोचले ते तिच्याच जिवावर. त्या वाघिणी ओढणाऱ्या ‘डब्ल्यूजी’ इंजिनाची ही हकिगत.

दुसऱ्या महायुद्धात आपली इंजिने राबून थकली होती. नवी मागवायची ती बहुतेक परदेशातून. म्हणून सरकारने पश्चिम बंगालात चित्तरंजन येथे कारखाना काढला. तेथले पहिले इंजिन १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी देशाला अर्पण केले. चित्तरंजन दासांच्या पदवीवरून त्याचे नाव पडले ‘देशबंधू’. आरंभी पुष्कळ भाग बाहेरून येत. हळूहळू ते येथेच होऊ लागले. परदेशी बांधणीची धरून या जातीची सुमारे २,४५० इंजिने झाली.

त्याची चाके पाहा. प्रवासी गाडीच्या ‘डब्ल्यूपी’ इंजिनाला ओढणारी चाके सहा, व्यास ५ फूट ७ इंच. याला आठ, व्यास ५ फूट दीड इंच. लहान चाक एका फेऱ्यात कमी अंतर कापते, पण ओढ जास्त देते.

या बळाची किंमतही मोठी. फायरमनचे फावडे सारखे चाले, तरी कोळशाच्या शंभर भाग उष्णतेतले दहाही भाग ओढण्याच्या कामी येत नसत.

गंमत अशी, की त्याचा वारस त्याच्याच जन्मघरी वाढत होता. १९६१ साली चित्तरंजनलाच विजेवरचे पहिले इंजिन तयार झाले, नाव ‘लोकमान्य’! तरी डब्ल्यूजीची बांधणी चालू राहिली, ती जून १९७० मधल्या ‘अंतिम सितारा’पर्यंत. का बरे? कोळसा घरचा होता, विजेच्या तारा सगळीकडे पोचल्या नव्हत्या आणि माल तर वाढतच होता. नवे खोंड जोताला रुळेपर्यंत शहाणा शेतकरी जुना बैल विकत नाही.

पुढे डिझेल आणि वीज सर्वत्र आली. १९९५ च्या डिसेंबरात ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची वाहतूक थांबली. शेवटी बांधलेल्या इंजिनांना फार तर पंचवीस वर्षे मिळाली.

शिक्षकबंधूंनो, वाफेची शक्ती शिकवताना मुलांना एवढे जरूर सांगा: इंजिन बांधण्याची विद्या आपल्या कारागिरांच्या हातात मुरली, ती याच काळ्या, धुरकट इंजिनावर.