मासळीचा सहकार आणि पाण्याचा सहकार : उल्हास खोऱ्याच्या इतिहासातील एक प्रश्न

१

कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेल्या लोहमार्गावरील पहिले स्थानक शहाड होय. उल्हास नदीकाठचे हे ठिकाण आज कारखाने, पाणीपुरवठ्याच्या योजना आणि दाट वस्ती यांमुळे परिचित आहे. परंतु मत्स्यजीवनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व याहून जुने व निराळे आहे. राजमाचीच्या परिसरातील डोंगरांत उगम पावून सुमारे १२२ कि. मी. वाहणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ व बदलापूर या मार्गाने येथवर गोड्या पाण्याची नदी म्हणून येते. कल्याणच्या खाली तिला खाडीचे रूप येते व वसईजवळ ती समुद्रास मिळते. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढत असे म्हणूनच हे नगर प्राचीन काळी बंदर होऊ शकले. ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख येतो. शहाड, मोहने आणि कल्याण हा टापू अशा रीतीने गोड्या व खाऱ्या पाण्याचा उंबरठा ठरतो.

अशा उंबरठ्यावरील मासळीचे जीवन एकाच ठिकाणी पुरे होत नाही. बोय, जिताडा, शिंगाळा, कोळंबी, चिंबोरी या जीवांच्या आयुष्यक्रमात खाडीचा चिखल, कांदळवनाची मुळे, भरती-ओहोटी आणि वरून येणारे गोडे पाणी या साऱ्यांचा वाटा असतो. म्हणून मत्स्याधिवासाचे रक्षण ही वस्तुतः पाणी वापरणाऱ्या अनेकांनी मिळून करावयाची गोष्ट आहे. महाराष्ट्र ही तर सहकाराची भूमी मानली जाते. असे असता या खोऱ्यात मासळी विकण्यासाठी सहकार उभा राहिला, पण मासळीच्या वसतिस्थानासाठी तो उभा राहिला नाही, असे का झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

आधुनिक कायद्यापूर्वी मत्स्यरक्षणाची साधने रूढीत होती. कोळी समाजात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची व नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा मासेमारी सुरू करण्याची चाल आहे. तिचे मूळ खवळलेल्या समुद्राच्या भयात असले, तरी अनेक जातींच्या प्रजननकाळात जाळी बंद राहत, हा तिचा परिणाम महत्त्वाचा होता. आज किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना जी मासेमारीबंदी असते, तिच्या मागे हाच विचार आहे.

गोड्या पाण्याची गोष्ट मात्र उलटी होती. पहिल्या पावसाने ओढे भरले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढतात, भातखाचरांत शिरतात. ठाणे-कुलाब्याकडे याला वलगण म्हणतात. वलगणीचे मासे धरणे हा ग्रामजीवनातील आनंदाचा प्रसंग असे. म्हणजे समुद्रावर ज्या ऋतूत जाळे विसावे, त्याच ऋतूत ओढ्यावर ते टाकले जाई. खाचरे विस्तीर्ण, ओढे मोकळे आणि धरणारे हात थोडे होते, तोवर या प्रथेने फारसे बिघडत नसावे. वाट अडली आणि हात वाढले, तेव्हा तीच प्रथा घातक ठरू लागली. रूढी आपोआप रक्षण करते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

रूढीचे तिसरे रूप देवस्थानांच्या डोहांत दिसते. उल्हास खोऱ्याच्या उत्तरेस वैतरणेकाठी वाडा तालुक्यात तिळसे येथील महादेवाच्या डोहातील मासे भाविक पकडत नाहीत. दक्षिणेस महाड तालुक्यातील वाळणकोंडीतही महसीर माशांना असेच अभय आहे. येथे रक्षण व्यक्तीच्या पुण्यबुद्धीवर सोपविलेले नसून त्यामागे गावाचा सामूहिक निषेध उभा असतो. परंतु हा निषेध डोहापुरता असतो. वरच्या अंगाने काय वाहून येते, यावर देवस्थानाची सत्ता चालत नाही.

३

१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात सुरुंगाची दारू वापरणे व विष घालणे हे गुन्हे ठरविले, आणि जाळी, बांध व बंदीचा हंगाम यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. या कायद्यातील एक शब्दयोजना इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. मासे पकडण्याच्या किंवा नष्ट करण्याच्या हेतूने विष, चुना अथवा अपायकारक द्रव्य पाण्यात टाकणे, असे त्या गुन्ह्याचे स्वरूप आहे. हेतू हा गुन्ह्याचा प्राण झाला. त्यामुळे गेळफळ किंवा रामेठा ठेचून डोहात टाकणारा आदिवासी या कलमात सापडे. ज्याच्या सांडपाण्याने मैलोगणती मासे मरत, पण ज्याला मासळीशी काही कर्तव्यच नव्हते, तो त्याबाहेर राही. मासळीचा शत्रू म्हणजे मासे मारणारा, असे गृहीत धरणाऱ्या या कायद्याला मासळीचे घर मोडणारा दिसलाच नाही.

उल्हासचे खोरे नेमके याच दुसऱ्या मार्गाने बदलले. १९२२ मध्ये भिवपुरी येथील जलविद्युत्केंद्र सुरू झाले आणि भीमेच्या खोऱ्यातील, पूर्वेकडे जाणारे आंध्रा नदीचे पाणी घाटाखाली उल्हासच्या खोऱ्यात उतरू लागले. पावसाळ्यानंतर रोडावणाऱ्या नदीला बारमाही प्रवाह मिळाला, आणि पुढील नगरे व कारखाने याच प्रवाहावर विसंबली. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. १९५० नंतरच्या दशकात शहाड येथे रेयॉनचा कारखाना निघाला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली येथे उद्योग वाढले, आणि त्यांना पाणी पुरविण्यासाठी बारवी नदीवर धरण झाले. जिच्या काठी शके ९८२ मधील शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर उभे आहे, ती वालधुनी नदी सांडपाण्याचा नाला होऊन उल्हासला मिळू लागली.

या प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र कारण होते आणि बहुतेक कारणे समर्थनीय होती. निर्वासितांना घरे हवी होती, कामगारांना रोजगार हवा होता, शहरांना पाणी हवे होते. मात्र प्रत्येक टप्प्यावर पाण्याचे वाटप ठरले तेव्हा बैठकीत वीज, उद्योग आणि नगरपालिका यांना स्थान होते, मासेमाराला नव्हते. महाराष्ट्राने १९६९ मध्येच जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला, त्यानंतर १९७४ मध्ये केंद्रीय कायदा आला. या कायद्यांनी हेतूची अट दूर सारून सांडपाण्याच्या गुणवत्तेवर बोट ठेवले, ही मोठी प्रगती होय. तथापि त्यांतही संबंध मंडळ आणि कारखाना या दोहोंतच राहिला. जो नदीवर जगतो तो तक्रारदार होऊ शकला. व्यवस्थेचा भागीदार झाला नाही.

४

मच्छिमारांच्या सहकाराचा इतिहास अल्प नाही. १९१३ मध्ये रत्नागिरीजवळ कर्ला येथे निघालेली मच्छिमारांची संस्था ही भारतातील अशी पहिली सहकारी संस्था मानली जाते. सावकार व दलाल यांच्या पाशातून कोळ्याला सोडविणे, जाळी व होड्यांसाठी भांडवल देणे, मासळीला योग्य भाव मिळवून देणे, ही या चळवळीची उद्दिष्टे होती. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानंतर तिचा विस्तार झाला. गोड्या पाण्यातील तलाव व जलाशय यांचे मासेमारीचे ठेके अशा संस्थांना देण्याची पद्धत रूढ झाली. दलालीच्या जाचातून सुटका होणे ही लहान गोष्ट नव्हती, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ठेक्याच्या पद्धतीने सहकाराचे लक्ष एका विशिष्ट दिशेस वळविले. ठेका मुदतीचा, ती संपण्यापूर्वी उत्पन्न काढावयाचे. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काच्या साह्याने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि कटला, रोहू, मृगळ यांचे बीज देशभर सुलभ झाले. अन्नोत्पादनाच्या दृष्टीने हा शोध युगप्रवर्तक होता. त्याबरोबर अशी एक समजूतही दृढ झाली की, बीज सोडले म्हणजे मासळीची चिंता मिटली. जो मासा दरवर्षी विकत आणून सोडता येतो, त्याच्या अंडी घालण्याच्या जागेची काळजी कोण करणार? वलगणीच्या वाटा बांधांनी बंद झाल्या तरी संस्थेच्या जमाखर्चात त्याची नोंद पडेना.

बीज आणि अधिवास यांतील हा भेद महसीरच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट होतो. उल्हासच्या उगमापासून दूर नसलेल्या लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० नंतरच्या दशकात महसीरच्या कृत्रिम प्रजननाचे केंद्र चालविले व तेथील पिले अनेक राज्यांत पाठविली. दुर्मिळ होत चाललेल्या जातीला याने आधार मिळाला. पण हाच दख्खनी महसीर कावेरीत सोडला गेल्यावर तेथील मूळच्या मदारी महसीरवर संकट ओढवण्यास तो एक कारण झाला, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. अधिवासाचा विचार न करता केलेली वृद्धी एका नदीत उपकारक आणि दुसरीत अपकारक ठरू शकते.

५

अलीकडच्या काळात उल्हासच्या रक्षणाचा भार मुख्यतः न्यायालये व वनखाते यांवर पडला आहे. ‘वनशक्ती’ या संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाविषयी अर्ज केला. २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक संस्था यांच्यावर कोट्यवधी रुपयांचे दायित्व ठेवले, आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ठाणे खाडीच्या बाजूस त्याच वर्षी सुमारे १,६९० हेक्टरांचे रोहित पक्षी अभयारण्य घोषित झाले, आणि २०२२ मध्ये या खाडीची रामसर यादीत नोंद झाली. कांदळवनांना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनी संरक्षण मिळाले.

या उपायांनी बरेच साधले. तथापि त्यांची मर्यादा त्यांच्या स्वरूपातच आहे. न्यायालय पक्षकारांना एकत्र आणते ते एकमेकांविरुद्ध. निकालानंतर त्यांनी एकत्र राहावे अशी योजना त्यात नसते. अभयारण्य पक्ष्यासाठी घोषित होते. त्याच चिखलावर निवटी आणि चिंबोरी धरणारा मनुष्य तेथे संशयित ठरण्याचा संभव असतो. २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू करून गावोगावी सहव्यवस्थापन समित्यांमार्फत खेकडे, कालवे यांच्या संवर्धनास साह्य दिले, त्यामागे ही उणीव भरून काढण्याचाच विचार होता. पण ही योजना खाडीकाठची. शहाडच्या वर, जेथे अलीकडे नदीचे पात्र जलपर्णीने आच्छादिले जाते, तेथे तशी व्यवस्था पोचत नाही.

६

अधिवासासाठी सहकार शक्यच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर राज्याच्या दुसऱ्या टोकास, पूर्व विदर्भात मिळते. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जुने तलाव कोहळी समाजाने बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर ते सरकारकडे गेले व ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मालकी बदलली, निगा राखणारा मात्र कोणी उरला नाही. तलावांत बेशरम वनस्पती माजली, देशी मासे घटले. तेथील ढिवर समाजाच्या मच्छिमार सहकारी संस्था आणि ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ यांनी मिळून काही तलावांत बेशरम उपटून काढली, तळाची मशागत करून देशी पाणवनस्पती लावल्या, आणि माशांना चारा व अंडी घालण्यास आसरा मिळवून दिला. कोणती वनस्पती कोणत्या माशास उपयोगी, याचे ज्ञान ढिवरांपाशी होते. या कामात स्त्रियांनी पुढाकार घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

संस्था सहकारी, कायदा तोच, ठेक्याची पद्धतही तीच. तरी फळ निराळे मिळाले. याचे कारण असे की, तेथे तलाव हा संस्थेला आपला वाटला, आणि त्याच्या काठावर दुसरा प्रबळ हक्कदार नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनक्षेत्रातील पाणवठ्यांवरील मासळीचा सामूहिक हक्क मान्य केला व त्याबरोबर रक्षणाची जबाबदारीही ग्रामसभेवर टाकली. हक्क आणि जबाबदारी यांची ही जोडी उल्हासकाठच्या मासेमारास कधीच लाभली नाही.

७

येथे एक आक्षेप संभवतो. तलाव बंदिस्त, गाव लहान. उल्हाससारख्या औद्योगिक खोऱ्याला तो न्याय कसा लावावा? या संदर्भात अमेरिकेचा दाखला उपयुक्त आहे. तेथे २००६ च्या राष्ट्रीय मत्स्याधिवास कृति-आराखड्यानुसार प्रादेशिक भागीदारी मंडळे स्थापन झाली व २०२० मध्ये त्यांना कायद्याचा आधार मिळाला. राज्यांची मत्स्यखाती, आदिवासी जमाती, जमीनमालक व गळाने मासे धरणारे हौशी लोक त्यांत एकत्र बसतात. या यशामागे जुनी पूर्वपीठिका आहे : १९५० च्या कायद्यान्वये तेथे मासेमारीच्या साहित्यावरील कराचा पैसा मत्स्यसंवर्धनास मिळू लागला, आणि मासे धरणारा हा नदीचा देणेकरी व म्हणूनच हक्कदार ठरला. आपल्याकडचा मासेमार गरीब आहे. कर देऊन हक्क मिळविणे त्याला शक्य नाही. पण ज्ञान, श्रम आणि नदीवरील रोजची नजर हे त्याचे भांडवल आहे, हे गोंदियाने सिद्ध केले.

उल्हास खोऱ्याचा इतिहास यावरून असा वाचावा लागतो. रूढीने डोह राखला, पण प्रवाह राखला नाही. १८९७ च्या कायद्याने विष पेरणारा धरला, पण विष सांडणारा सोडला. सहकाराने मासळीचा भाव राखला, पण तिची वाट राखली नाही. न्यायालयाने दोषी ठरविले, पण रखवालदार नेमला नाही. या प्रत्येकात जे उणे राहिले ते एकच होते : वरचे वीजकेंद्र, मधले कारखाने व नगरपालिका आणि खालचे कोळी यांना एका पाण्याचे भागीदार मानणारी बैठक. शहाड हे तिचे स्वाभाविक स्थान होय. कारण वरून येणारे गोडे पाणी आणि खालून चढणारी भरती यांची गाठ याच परिसरात पडते. गाळात निवटी आणि खडकांना कालवे शिल्लक आहेत, तोपर्यंत हा प्रश्न केवळ इतिहासाचा राहत नाही.