लेडनहॉल स्ट्रीटपासून कागदविरहित वर्गापर्यंत

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचे जे घर १७२९ साली नव्याने उभे राहिले, त्याचा आराखडा थिओडोर जेकबसन नावाच्या एका व्यापाऱ्याने केला होता, आणि ते घराच्या स्वभावाला साजेसेच होते. कारण आत जे काम चाले ते खलिते वाचण्याचे, जमाखर्च मांडण्याचे आणि मालाचा हिशेब ठेवण्याचे. पुढे १७६५ साली बंगालची दिवाणी हाती आली, व्यापाऱ्यांची पेढी मुलखाचा महसूल गोळा करू लागली, आणि मग संचालक मंडळींचे लक्ष आपल्या छताकडे गेले. महसूल समितीच्या दालनासाठी १७७८ साली स्पिरिदिओने रोमा या ग्रीक चित्रकाराकडून एक भव्य लंबवर्तुळाकार चित्र करून घेण्यात आले.

उंच खडकावर ब्रिटानिया बसली आहे, जवळ सिंह आहे, आणि खालच्या अंगाने मान वर करून आलेली एक सावळी स्त्री तिच्यापुढे हिरेमोती धरते आहे. तिच्यापाठोपाठ चीनचे पात्र आपल्या देशाची मातीची भांडी आणि चहा घेऊन उभे आहे. व्यापाराचा देव मर्क्युरी हात करून सर्वांना वाट दाखवतो आहे, थेम्स नदी वृद्ध पुरुषाच्या रूपाने हे न्याहाळते आहे, आणि दूरवर कंपनीचे गलबत दिसते आहे. बंगालच्या रयतेकडून वसूल झालेल्या रकमांचा विचार ज्या दालनात व्हावयाचा, त्याच्याच माथ्यावर नजराण्याचे चित्र असावे, म्हणजे घेतलेले सारे आपखुशीने चालत आलेले दिसावे, ही योजना ज्याला सुचली तो मुत्सद्दी मोठाच असला पाहिजे. शतकाच्या अखेरीस दर्शनी भागही पालटला. आयोनिक स्तंभांवर त्रिकोणी शिरोभाग चढला आणि त्यात तिसरा जॉर्ज राजा पूर्वेच्या व्यापाराचे ढाल धरून रक्षण करीत असल्याचे शिल्प बसले.

त्या शिरोभागाखालून साताऱ्याचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी किती वेळा ये-जा केली असेल! १८३९ साली पदच्युत केलेल्या प्रतापसिंह छत्रपतींची कैफियत घेऊन ते लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे तळ ठोकून अर्ज, पुस्तिका, भाषणे, भेटीगाठी असे सर्व सनदशीर मार्ग चोखाळीत राहिले. दरम्यान छत्रपती कैदेतच निवर्तले, १८४८ साली राज्य खालसा झाले, आणि १८५३ साली हा निष्ठावंत मनुष्य रित्या हातांनी परतला. तक्रार जिच्याविरुद्ध, तिच्याच कचेरीत ती गुदरावी लागे, ही त्या वकिलातीतली खरी अडचण होती. पुढे १८५८ साली कंपनीचा अंमल संपला, १८६१ साली घर पाडले गेले, छताचे चित्र ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इमारतीत जाऊन बसले, आणि मूळ जागेवर आज विमाव्यवसायाच्या लॉइड्स संस्थेची १९८६ सालची, नळ आणि लिफ्ट अंगाबाहेर काढलेली इमारत उभी आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास कंपन्यांनी शिल्पे आणि रूपके सोडून दिली. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर १९६० साली युनियन कार्बाइडचा ५२ मजली मनोरा उठला. काच आणि पोलाद यांखेरीज त्यावर वाचण्यासारखे काहीच नव्हते. (त्याच्या आराखड्यात नॅटली द ब्लॉय या वास्तुविशारद बाईंचा मोठा वाटा होता, नाव मात्र दीर्घकाळ पुरुष सहकाऱ्याचेच पुढे येत राहिले.) १९८४ च्या डिसेंबरात भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात विषारी वायूची गळती झाली तेव्हा कंपनी न्यूयॉर्क सोडून गेली होती, आणि २०१९ पासून तो मनोरा पाडून जेपी मॉर्गन चेस या बँकेने तेथे त्याहून कितीतरी उंच इमारत बांधली. अशा इमारतीसमोर उभे राहून कंपनीच्या सत्तेविषयी काही जाणून घ्यावे म्हटले तर हाती काही लागत नाही. सत्तेचे चित्र आता भिंतीवरून निघून पडद्यावर गेले होते.

त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात, बर्नार्ड च्युमी वास्तुकला विभागाचे प्रमुख असताना, १९९४ साली कागदविरहित वर्ग सुरू झाले. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर बाजूला ठेवून विद्यार्थ्यांना सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या यंत्रांवर बसविण्यात आले आणि सॉफ्टइमेज, एलियस ही मुख्यतः चित्रपटांसाठी घडविलेली साधने, ज्यांचा उपयोग ‘जुरासिक पार्क’च्या डायनोसॉरांसाठी नुकताच झाला होता, त्यांच्या हाती देण्यात आली. तेथील एक अध्यापक हानी रशीद यांच्या असिम्प्टोट या संस्थेने दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क शेअरबाजारासाठी सौदेदालनाची संगणकातील प्रतिकृती रचली. प्रत्यक्ष दालनातले व्यवहार त्या क्षणी त्या आभासी दालनात आकार घेऊन उठत आणि बाजाराचे अधिकारी निळ्या वक्र काचेवर मांडलेल्या पडद्यांवरून ते पाहत. रोमाच्या चित्रातली संपत्ती एकदा रंगवली की तशीच राहिली. येथे ती घटकेघटकेला हलत होती, आणि देणारा कोण, घेणारा कोण हे विचारायलाही जागा उरली नव्हती. मला ही वास्तू गेल्या शतकातील सर्वांत प्रामाणिक व्यापारी वास्तूंपैकी एक वाटते.

आज वास्तुकलेचा विद्यार्थी कंपनीच्या सत्तेवर बोट ठेवणारा प्रकल्प संगणकावर रचतो, मनोरे वितळवतो, त्यांच्या पोटातली यंत्रणा उघडी करून दाखवतो, तेव्हा त्याची अवस्था रंगो बापूजींहून फारशी निराळी नसते. त्याचा अर्जही कंपनीच्याच कचेरीत लिहिला जातो. एलियस २००६ साली आणि सॉफ्टइमेज २००८ साली ऑटोडेस्क या एकाच कंपनीच्या मालकीची झाली. सॉफ्टइमेजची यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही असे २०१४ साली जाहीर झाले. आणि २०१६ पासून ऑटोडेस्कने आपल्या बहुतेक साधनांची कायमची विक्री बंद करून मुदतीचा मक्ता तेवढा चालू ठेवला. शिक्षण चालू असेतो विद्यार्थ्याला हेच साधन फुकट मिळते, नोकरीला लागताच भाडे सुरू होते.

लेडनहॉल स्ट्रीटचे जे दफ्तर उरले ते पुढच्या इंडिया ऑफिसच्या कागदांसह लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या फळ्यांवर आहे, आणि कंपनीने काय केले हे कंपनीच्याच कागदांवरून कोणालाही वाचता येते. कागदविरहित वर्गाच्या पिढीचे काम, ज्या साधनांत ते झाले ती कालबाह्य होत असताना, जतन करण्यासाठी मात्र मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरला २०१३ च्या सुमारास एक स्वतंत्र मोहीमच हाती घ्यावी लागली. तेव्हा असा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढीच विनंती की त्यांनी प्रत्येक आराखड्याची एक प्रत चांगल्या कागदावर छापून ठेवावी आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात आपल्या नावाखाली सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि मालक कंपनी यांचीही नोंद करावी.