यंत्राचें हस्ताक्षर

जुन्या वस्तु जमविणाऱ्यांत नाणीं, टपालाचीं तिकिटें व हस्तलिखितें यांचे भोक्ते पुष्कळ. त्यांच्या मानानें टाइपरायटर जमविणारे थोडे, आणि पेटींत घालून हातांत नेतां येणाऱ्या लहान, म्हणजे पोर्टेबल, टाइपरायटरांच्या मागें लागलेले तर त्याहूनहि थोडे. या नादाकडे आमचें लक्ष वेधलें तें त्यांतील 'दुर्मिळ' या शब्दामुळें. कोणत्या यंत्राचे नग थोडे उरले आहेत यावर बाजारांत त्याचा भाव ठरतो. त्या यंत्रानें कोणाच्या हातीं काय लिहिलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. इतिहासाच्या दृष्टीनें हा व्यवहार उलटा आहे असें आम्हांस वाटतें.

कचेरींतला टाइपरायटर हें एका जागीं बसलेलें वीसतीस पौंडांचें धूड. त्याच्यापुढें बसणारा मनुष्य दुसऱ्याचा मजकूर लिहितो. यंत्र हलकें झालें तेव्हां तें वार्ताहराच्या, विद्यार्थ्याच्या, कादंबरीकाराच्या स्वतःच्या मालकीचें झालें, आणि जी गोष्ट आजवर लेखणीनें एकांतांत होत असे ती यंत्रावर होऊं लागली. या लहान यंत्रांचें महत्त्व आमच्या मतें एवढ्यांतच आहे.

त्यांचा आरंभ बहुधा जॉर्ज ब्लिकेन्सडर्फर या अमेरिकन कल्पकापासून धरतात. कनेक्टिकट संस्थानांतील स्टॅमफर्ड येथल्या या गृहस्थानें १८९३ सालीं शिकागोच्या जागतिक प्रदर्शनांत आपलें यंत्र मांडलें. इतरांच्या यंत्रांत अक्षरांचे स्वतंत्र दांडे असत. यानें ते सर्व काढून टाकून अक्षरें एका लहानशा चाकावर बसविलीं. कळ दाबली कीं चाक फिरतें, वाटेंत शाईच्या रुळास घासतें आणि हवें तें अक्षर कागदावर उमटवितें. दांडे नाहींत, फीत नाहीं. त्यामुळें वजन उतरलें. कळांची मांडणीहि त्यानें आपल्या बुद्धीनें केली. इंग्रजींत अधिकांत अधिक वेळां येणारीं दहा अक्षरें त्यानें बोटांना अगदीं जवळ पडतील अशीं सर्वांत खालच्या ओळींत आणलीं. युक्ति शहाणपणाची खरी, पण लोकांचीं बोटें तोंवर दुसऱ्या मांडणीस सरावलीं होतीं. गिऱ्हाइकाच्या आग्रहास्तव त्यालाहि अखेर रूढ मांडणीचीं यंत्रें द्यावीं लागलीं. १९०२ सालीं त्यानें विजेवर चालणारें यंत्र काढलें. तें काळाच्या फार पुढें होतें, म्हणूनच खपलें नाहीं. आज त्याचे नग बोटांवर मोजण्याइतके उरले असून संग्राहक त्यांच्यासाठीं जीव टाकतात. ज्या यंत्रावर फारसें कोणी कांहीं लिहिलेंच नाहीं, त्याची किंमत सर्वांत जास्त!

याच्या उलट 'कोरोना' यंत्राची गोष्ट आहे. फ्रँक रोझ यानें काढलेलें घडीचें यंत्र पुढें न्यूयॉर्क संस्थानांतील ग्रोटन गांवच्या कारखान्यांत सुधारून निघूं लागलें, आणि १९१२ सालीं 'कोरोना ३' या नांवानें बाजारांत आलें. कागद धरणारा रूळ पुढें उचलून कळांवर पालथा घालावयाचा, म्हणजे सहाएक पौंडांचें हें यंत्र घडी होऊन पेटींत मावतें. कळांच्या ओळी तीनच. एका दांड्यावर तीन चिन्हें, आणि मोठ्या अक्षरांसाठीं एक व अंक-चिन्हांसाठीं दुसरी अशा दोन निराळ्या कळा. पहिल्या महायुद्धांत तें वार्ताहरांच्या खांद्यावरून हिंडलें. १९२१ सालीं अर्नेस्ट हेमिंग्वे यास त्याच्या वाढदिवसानिमित्त हॅड्ली रिचर्ड्सन या त्याच्या वाग्दत्त वधूनें कोरोनाच भेट दिला. हा नमुना १९४१ पर्यंत निघत राहिला. इतका खपला म्हणूनच आज संग्राहकास तो सामान्य वाटतो.

पुढील प्रगति भराभर झाली. १९२० सालीं रेमिंग्टननें चार ओळींची पूर्ण मांडणी लहान यंत्रांत बसविली. त्यासाठीं दांडे आडवे निजवून ठेवण्याची व लिहितांना खटक्यानें उभे करण्याची सोय केली. १९३५ सालीं स्वित्झर्लंडमधून 'हर्मीस बेबी' आलें, आणि १९५० सालीं इटलींतील ऑलिव्हेट्टी कारखान्यानें मार्चेल्लो निझोली या कलावंताकडून आंखून घेतलेलें 'लेत्तेरा २२' बाजारांत आणलें. देखणेपणांत त्याला तोड नाहीं, असें आमचें मत आहे.

परंतु हीं यंत्रें स्वतःची खूण मागें ठेवतात, ही गोष्ट जगाच्या ध्यानांत आली ती वेगळ्याच प्रसंगानें. १९२४ च्या मे महिन्यांत शिकागो येथें बॉबी फ्रँक्स या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला आणि त्याच्या बापाकडे १०,००० डॉलर मागणारें टंकलिखित पत्र आलें. संशय नेथन लिओपोल्ड व रिचर्ड लोब या दोन श्रीमंत, विद्वान म्हणविणाऱ्या तरुणांवर गेला. 'शिकागो डेली न्यूज' पत्राचे मल्रॉय व गोल्डस्टीन हे वार्ताहर लिओपोल्डच्या सहाध्यायांकडे गेले आणि त्यानें अभ्यासासाठीं टाइप केलेलीं टिपणें घेऊन आले. टिपणें व खंडणीचें पत्र शेजारीं ठेवतांच दोन्ही एकाच यंत्राचीं, हें तज्ज्ञांस ओळखतां आलें. तें यंत्र अंडरवुडचें पोर्टेबल होतें. आदल्या वर्षीं मिशिगन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या एका निवासांतून या जोडीनें तें चोरलें होतें. खुनानंतर त्यांनीं पकडीनें अक्षरांचे खिळे पिळून तोडले आणि यंत्र जॅक्सन पार्कच्या तळ्यांत फेकलें. पाणबुड्यानें तें वर काढलें. पण अक्षरें तोडून काय साधलें? तीं कागदावर आधींच उमटलेलीं होतीं. त्या वार्ताहरांस १९२५ सालीं पुलिट्झर पारितोषिक मिळालें.

एकाच कारखान्यांतून निघालेलीं दोन यंत्रेंहि वापरानें निरनिराळीं होतात. एखाद्याचा एक दांडा किंचित वांकतो, दुसऱ्याच्या अक्षराची कड झिजते. हें यंत्राचें हस्ताक्षर. पोलिसांस कळलेली ही गोष्ट जुलमी सरकारांसहि कळली. रुमानियांत १९८३ च्या फर्मानानें प्रत्येक टाइपरायटरची नोंद करणें व त्याच्या अक्षरांचा नमुना पोलिसांत देणें सक्तीचें झालें. पूर्व जर्मनींतील हेरगिरीवर २००६ सालीं निघालेल्या 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' या चित्रपटांत लेखक ज्या यंत्रावर गुप्त लेख लिहितो आणि जें उंबऱ्याखालीं दडवितो, तें चपटें 'ग्रोमा कोलिब्री'. चित्रपटामुळें त्याला मागणी वाढली, ती मात्र आम्हांस योग्य कारणासाठीं वाढलेली वाटते.

आपल्याकडे या लहान यंत्रांचा प्रसार बेताचाच झाला. कोर्टाबाहेरच्या टंकलेखकापुढें असे तें कचेरीचेंच जड यंत्र. अर्धाक्षरें व मात्रा यांमुळें देवनागरीस कळा अपुऱ्या पडत, आणि लहान यंत्रांत तर जागा आणखीच थोडी. गोदरेजनें १९५५ पासून टाइपरायटर बनविले, तेहि मुख्यतः कचेऱ्यांसाठीं. २०११ सालीं जगांतला शेवटचा टाइपरायटर-कारखाना बंद पडला म्हणून जी बातमी झळकली ती गोदरेजच्या शिरवळच्या कारखान्याविषयीं होती. शेवटचा हा शब्द फुगविलेला होता; इतरत्र यंत्रें तेव्हांहि निघत होतीं.

आतां संग्राहकांच्या दुरुस्तीविषयीं. जुन्या यंत्रांच्या गोल कळा कापून त्यांचे दागिने करणारे लोक आहेत. त्यांना संग्राहक शिव्या देतात, आणि तें बरोबरच आहे. परंतु यंत्रास नवा रंग देणारा, दांडे सरळ करून झिजलेलीं अक्षरें बदलणारा भक्तहि तेंच हस्ताक्षर पुसून टाकतो. कडक झालेला रबरी रूळ बदलणें निराळें. तो अक्षराच्या आकारास हात लावीत नाहीं.

कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकाराचें 'लेत्तेरा ३२' डिसेंबर २००९ मध्यें क्रिस्टीजच्या लिलावांत २,५४,५०० डॉलरांस गेलें. नॉक्सव्हिलच्या एका गहाणवट्याच्या दुकानांत त्यानें तें ५० डॉलरांस घेतलें होतें. नमुना मुळींच दुर्मिळ नव्हे. मित्रानें त्याला तसलेंच दुसरें किरकोळ पैशांत लगेच मिळवून दिलें. विकलेल्या यंत्रासोबतच्या पत्रांत त्यानें लिहिलें कीं, यावर पन्नास वर्षांत सुमारें पन्नास लक्ष शब्द लिहिले असतील, आणि पेट्रोलपंपावरील हवेच्या नळीनें धूळ उडविण्यापलीकडे त्याची कधीं साफसफाई केली नाहीं. पन्नास वर्षें ही ढोबळ संख्या दिसते. 'लेत्तेरा ३२' बाजारांत आलें तेंच १९६३ सालीं, म्हणजे फार तर सेहेचाळीस वर्षें. लेखकाच्या आठवणीची ही दुरुस्ती आपण करूं शकतों, ती केवळ यंत्रावरील नमुन्याच्या आंकड्यामुळें.