वेळासची वाळू आणि कासवाची वीस वर्षं

जानेवारीतली रात्र. साल नव्वदच्या दशकातलं कुठलंही धरा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाला पाठ लावून तुम्ही बसला आहात. उत्तरेला बाणकोटची खाडी, मागे नाना फडणवीसांचं गाव, आणि गावात एकही दिवा नाही. ओहोटी लागली आहे. बॅटरी लावू नका. उजेड दिसला की ती आल्या पावली परत फिरते.

ती आलीच. ऑलिव्ह रिडले जातीची मादी. पाण्यात हलकी वाटणारी, पण वाळूवर स्वतःचंच ओझं ओढताना तिला दर चार पावलांवर थांबावं लागतं. भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू लागली की ती मागच्या वल्ह्यांनी खड्डा काढायला लागते. एका वल्ह्याने वाळू उचलायची, तेवढ्यात दुसऱ्याने कडेची झटकायची, मग पाळी बदलायची. मागे काय चाललं आहे हे तिला दिसत नाही, तरी दीड फूट खोल, तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद असा खड्डा बरोबर उतरतो. अंडी दोन-तीनच्या घोसाने पडतात. टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, ओलसर, शंभराच्या पुढे. डोळ्यांतून पाणी वाहतं, ते अंगातलं जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी. शेवटी ती वाळू ओढून अंग उचलते आणि पोटाने धपाधप आपटत जागा चोपून काढते. तो आवाज तुम्हाला बनापर्यंत ऐकू येतो.

समुद्रातले कितीतरी जीव वेळ साधून एकदम बाहेर पडतात. ओडिशात गहिरमाथ्याला याच रिडले माद्या हजारोंनी किनाऱ्यावर चढतात. एवढी अंडी एकदम पडली की खाणारे खाऊन दमतात आणि उरलेली वाचतात. कोकणात मात्र ती एकेकटीच येते, त्यामुळे तिच्या अंड्यांना गर्दीचा आसरा नाही.

उजाडायच्या आत एक माणूस काठी घेऊन येतो. दोन बाजूंना वल्ह्यांचे वाकडे ठसे आणि मधे पोट घासल्याची रेघ, हा माग त्याला अंधारातही कळतो. माग संपतो तिथे तो काठी टोचत जातो. एका ठिकाणी ती सहज आत जाते. थोड्याच वेळात टोपली भरते. अंडी बाजारात विकली जातील. 1972च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण या कासवाला आहे, पण कायदा या वाळूपर्यंत पोचलेला नाही. त्याच्यावर रागावू नका. घरात खाणारी तोंडं आहेत, आणि कासवाबद्दल त्याच्याइतकं जाणणारा या किनाऱ्यावर दुसरा कोणी नाही. देवळात शिरताना तो दगडी कासवाला हात लावून नमस्कारही करतो. त्याच्या नजरेतून जे घरटं सुटतं, ते कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जातं.

2002 साली चला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत इथे आली आहेत. त्यांना वाळूत अंड्यांची टरफलं दिसतात, आणि गरुड शोधायला आलेली माणसं कासवासाठी थांबतात. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पुढची: त्यांनी राखणीला गावातलीच माणसं घेतली. माग काढायची विद्या तीच, पण आता अंडी टोपलीतून बाजारात न जाता कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरली जातात.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पहाटे या. घरट्यावर पालथी घातलेली टोपली उचलली जाते. खाली वाळू खचते, मग एक नाक, एक वल्हं, आणि एकावर एक चढणारी काळसर पिल्लं. हातात घ्यायचा मोह आवरा. किनाऱ्यावर ठेवलं की ती उजळ क्षितिजाकडे आपली आपण चालतात. पहिली लाट त्यांना उलटं पाडून मागे ढकलते, ती पुन्हा सरळ होतात, पुन्हा निघतात.

रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणजे त्या पहिल्या हंगामातल्या ज्या मोजक्या माद्या जगल्या, त्या 2022 उजाडायच्या आधीच अंडी घालायला येऊ लागलेल्या असतात. 25 जानेवारी 2022. याच वाळूवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र चिकटवताना तुम्ही पाहता. कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेचं हे काम. तिचं नाव ठेवलंय प्रथमा. आता तिचा माग पाण्यातही काढता येतो.

आणि शेवटी दक्षिणेला, गुहागरला, 27 जानेवारी 2025. अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्याला धातूची पट्टी आहे. क्रमांक 03233. चौकशी ओडिशापर्यंत जाते. ही पट्टी मार्च 2021 मध्ये गहिरमाथ्याला मारलेली आहे. तिथे हजारोंच्या गर्दीत चढलेली मादी अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर पोहून इथे एकटी आली आहे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या कासवांचा हिशेब वेगवेगळा मांडणाऱ्यांना आता तो एकत्र मांडावा लागेल. तिची अंडी उबवणीच्या कुंपणात नेली जातात.