मेडनहेडची बोलणारी कमान

भारतातून कोणाचे आईबाबा आले की आपण त्यांना विंडसरला पिटाळतो. मेडनहेडात काय बघायचंय म्हणे! माझे बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त. राजवाड्याला अर्ध्या तासात कंटाळले, पण थेम्सकाठच्या रेल्वे पुलाखाली तासभर मान वर करून उभे! तिथे टाळी वाजवली की आवाज घुमत परत येतो, म्हणून ही 'साउंडिंग आर्च'.

ब्रुनेलने हा पूल १८३८ मध्ये बांधला, बोरीबंदर-ठाणे गाडी सुटायच्या १५ वर्षं आधी. विटांच्या दोन मोठ्या कमानी, प्रत्येकीचा गाळा १२८ फूट आणि उठाव जेमतेम २४. खालून होड्या जायला हव्यात, वर रुळांना चढ नको, म्हणून इतक्या सपाट. टीकाकार म्हणाले, पडणार! संचालकांनीही लाकडी आधार काढू दिला नाही. पठ्ठ्याने तो गुपचूप थोडा खाली घेतला. म्हणजे आधार नुसता शोभेला, भार कमानींवरच. (आपल्यात आहे का ही हिंमत, रिलीजच्या आदल्या दिवशी?) पुढे वारापाण्याने लाकूड गेलं, पूल उभाच. लंडनच्या गाड्या अजून त्यावरूनच धावतात. टर्नरने १८४४ मध्ये मांडलेलं त्याचं चित्र नॅशनल गॅलरीत आहे, बघायला तिकीट नाही.