तळटीप : लेनार्ड खिडकी

* लेनार्ड खिडकी : फिलिप लेनार्ड यांनी १८९०च्या दशकात कॅथोड किरण निर्वात नळीतून बाहेर हवेत आणले, ते सुमारे ०.००२६५ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यातून. मूळ लेखकाने हे एका वाक्यात उरकले आहे. खरे कसब मात्र इथेच आहे. पापुद्र्याने झाकलेल्या छिद्राचा व्यास जेमतेम १.७ मिलिमीटर, त्यामुळे त्यावर हवेचा भार २३ ग्रॅमच्या आसपास. व्यास १० सेंटिमीटर केला, की तोच भार ८० किलोच्या घरात जातो. जाडी वाढवावी, तर किरणांतले कण पापुद्र्यातच विखुरतात. म्हणून आजही बेरिलियम, मायलर असे हलक्या अणूंचे पदार्थ निवडतात आणि पापुद्रा आत थोडा खोलगट होऊ देतात. सपाट राहण्यापेक्षा त्यात ताण कमी येतो. चौकटीची आतली कड मात्र घासून गोलसर केलेली हवी. धारदार राहिली, तर पापुद्रा तिथेच फाटतो. – संपा.