फ्रान्सिस गाल्टन : गणिताची परीक्षा आणि हवेचा नकाशा

'रँग्लर' हा शब्द मूळचा इंग्रजी. परंतु महाराष्ट्रात तो एका माणसाच्या नावाला असा चिकटला की जणू त्यांचे उपनावच व्हावे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिती ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, आणि त्यांत अग्रस्थानी असणारा तो सीनिअर रँग्लर.

परीक्षा जिंकणाऱ्यांची नावे अशी लोकांच्या तोंडी राहतात. तिच्या वाटेवर जे मोडून पडले त्यांची यादी मात्र कोणी ठेवली नाही. अशांपैकी एकाची हकीकत आज सांगावयाची आहे. हा मनुष्य केंब्रिजच्या गणितापुढे हरला, आणि तरीही हवामानशास्त्राला त्याने दोन गोष्टी दिल्या. त्यांतील एक आपण रोज वर्तमानपत्रांत पाहतो. दुसरी आपल्याला दिसत नाही. पण आपल्याकडील पावसाच्या अंदाजांशी तिचा जवळचा संबंध आहे.

फ्रान्सिस गाल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ झाला. उत्क्रांतिवादाचा कर्ता चार्ल्स डार्विन हा त्याचा नात्याने भाऊ. दोघांचे आजोबा एकच, आज्या मात्र निराळ्या. घर सावकारी पेढीचे, सुखवस्तू. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्याला आधी बर्मिंगहॅमच्या इस्पितळात आणि मग लंडनच्या किंग्ज कॉलेजात घातले. ते अर्धे ठेवून, गणित शिकावे या ओढीने तो १८४० च्या ऑक्टोबरात केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. गणित त्याच्यावर कोणी लादले नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ते त्याने स्वतः मागून घेतले होते.

त्या काळच्या केंब्रिजमध्ये कॉलेजच्या व्याख्यानांपेक्षा खाजगी शिकवणीला महत्त्व होते. आजच्या पालकांना हे सांगून नवल वाटणार नाही! विल्यम हॉपकिन्स हा त्यांतला सर्वांत नामांकित शिक्षक. जॉर्ज स्टोक्स, आर्थर केली, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आलेला विल्यम थॉमसन, हे सारे त्याच्या हाताखालून गेले. गाल्टनही त्याच्याकडे जाऊ लागला. हॉपकिन्स पंडिती आढ्यता दाखवीत नाही, गणिते सोडविता सोडविता गमतीच्या गोष्टी सांगतो, असे त्याने मोठ्या आनंदाने वडिलांना कळविले. म्हणजे शिक्षक उत्तम, विद्यार्थी उत्सुक, पैशाची ददात नाही. मग घोडे पेंड कोठे खात होते?

ट्रायपॉस ही नुसती ज्ञानाची परीक्षा नव्हती, ती वेगाची शर्यत होती. दिवसांमागून दिवस प्रश्नपत्रिका चालत, आणि शेवटी प्रत्येकाचा क्रमांक जाहीर होई. गाल्टनच्या अवतीभवती केलीसारखे लोक होते. केली १८४२ साली सीनिअर रँग्लर झाला. त्याच्या डोक्याची चाल आणि आपल्या डोक्याची चाल यांतले अंतर समजण्याइतकी बुद्धी गाल्टनला होती, आणि दुःखाचे मूळ बहुधा तेथेच होते. मंद मुलाला आपण मागे आहोत हे फारसे बोचत नाही. दुसऱ्या रांगेतल्या हुशार मुलाला ते क्षणोक्षणी बोचते.

तिसऱ्या वर्षी त्याची प्रकृती ढासळली. छाती धडधडू लागली, चक्कर येऊ लागली. डोक्यात जणू एक चक्की फिरत आहे, नको ते विचार थांबविता येत नाहीत, छापील पानाकडे पाहणेसुद्धा सोसवत नाही, असे वर्णन त्याने म्हातारपणी, १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात केले आहे. रँग्लर होण्याचा बेत सोडावा लागला. १८४४ च्या आरंभी त्याने साधी पदवी घेतली. त्याच वर्षी वडील वारले आणि भरपूर संपत्ती हाती आली. एखाद्या गरीब कारकुनाचा मुलगा असता तर गोष्ट येथेच संपली असती, हे कबूल करणे भाग आहे. गाल्टनला अपयश परवडले.

पुढची काही वर्षे तो इजिप्त, सुदान असा हिंडला. १८५० ते १८५२ या काळात नैर्ऋत्य आफ्रिकेत, युरोपियनांना अपरिचित अशा प्रदेशात, त्याने मोहीम केली. ही केवळ हौस नव्हती. सेक्स्टंटने अक्षांश काढणे, तापमान व उंची मोजणे, मोजलेले रोजच्या रोज टिपून ठेवणे, हे काम तो कसोशीने करीत असे. १८५३ साली रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. केंब्रिजात ज्याला आकडे भिववीत होते, त्याला आफ्रिकेत आकड्यांचेच वेड लागले. परंतु हे आकडे निराळे होते. समीकरणातून सुटणारे नव्हेत, डोळ्यांनी पाहून मोजावयाचे. नजर आणि चिकाटी यांच्या बळावर जमणारे हे गणित त्याचे स्वतःचे होते, आणि ते घेऊनच तो हवामानाकडे वळला.

१८६१ हे साल इंग्लंडातील हवामानशास्त्रात धामधुमीचे होते. 'बीगल' जहाजाचा कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय, ज्याच्याबरोबर डार्विनने प्रवास केला तोच, सरकारी हवामान खात्याचा प्रमुख होता. त्याने त्या वर्षी बंदरांना वादळाचे इशारे देण्यास आरंभ केला, आणि ऑगस्टपासून 'टाइम्स' पत्रात उद्याच्या हवेचे अंदाज येऊ लागले. गाल्टनने मात्र उद्याकडे पाहिलेच नाही. त्याने युरोपातील वेधशाळांना व निरीक्षकांना छापील तक्ते धाडले आणि विनंती केली की येत्या डिसेंबरात रोज सकाळी, दुपारी व संध्याकाळी आपापल्या ठिकाणचा वायुभार, वारा, तापमान, ढग, पाऊस यांची नोंद करून पाठवावी. महिना ३१ दिवसांचा, दिवसाला तीन वेळा, म्हणजे एकंदर ९३ वेळांची हवा. आलेले आकडे तक्त्यात ठेवले तर ते आकडेच राहतात. गाल्टनने ते नकाशावर मांडले. वाऱ्याची दिशा, ढग, पाऊस यांच्या खुणा ठरविल्या आणि एकाच क्षणी सबंध प्रदेशावर काय चालले आहे ते एका दृष्टिक्षेपात दिसेल असे केले.

आणि त्याला काहीतरी दिसले. कमी वायुभाराच्या जागेभोवती वारे गोल फिरतात, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट, हे आधी ठाऊक होते. त्या भोवऱ्याला 'सायक्लोन' हे नाव तर आपल्या कलकत्त्यातच पडले. हेन्री पिडिंग्टनने १८४८ साली ते छापले. गाल्टनच्या नकाशांत याच्या बरोबर विरुद्ध आकृती निघाली. जास्त वायुभाराचा प्रदेश मध्ये, तेथून हवा बाहेर पसरते आहे, आणि वारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत आहेत. तिला त्याने 'अँटिसायक्लोन' म्हटले. आपण प्रत्यावर्त म्हणतो. १८६३ च्या 'मीटिऑरोग्राफिका' ह्या ग्रंथात हे सारे नकाशांसह आले. वातावरणाचे एक मुख्य अंग अशा रीतीने कागदावर प्रथम उमटले, आणि ते सापडण्यास एकही अवघड समीकरण लागले नाही. लागला तो भरपूर पत्रव्यवहार.

त्याच्या चरित्रातला पुढचा भाग तितका सुखद नाही. १८६५ च्या ३० एप्रिल रोजी फिट्झरॉयने आत्महत्या केली. त्याच्या पश्चात खात्याच्या कामाची चौकशी करणाऱ्या समितीचा अध्यक्ष गाल्टन होता. अंदाजांना शास्त्रीय पाया नाही, असा कठोर अहवाल १८६६ साली समितीने दिला. दैनिक अंदाज आणि वादळाचे इशारे दोन्ही बंद पडले. तर्काने पाहिले तर समितीचे चुकले नव्हते. फिट्झरॉयला आपल्या अनुभवाचे नियमांत रूपांतर करता आले नव्हते. परंतु समुद्रावर जाणाऱ्या लोकांना पुरावा नको होता, इशारा हवा होता. त्यांची ओरड झाली आणि इशारे पुढच्याच वर्षी परत सुरू करावे लागले. दैनिक अंदाजांना मात्र १८७९ उजाडले. ज्याला स्वतःला परीक्षेचा काच माहीत होता, त्याने दुसऱ्याचे गुण तपासताना हात आखडता घेतला, हे मला खटकते.

ह्यानंतर गाल्टन हवामान खात्याच्या नियामक मंडळावर १९०१ पर्यंत राहिला. १ एप्रिल १८७५ रोजी 'टाइम्स'मध्ये त्याने तयार केलेला हवेचा नकाशा छापून आला. त्यावर समभाररेषा, तापमान, वारे, आकाशाची स्थिती आणि समुद्राची स्थिती असे सर्व दाखविले होते. दिवस मात्र आदल्या, म्हणजे ३१ मार्चचा. उद्याची हवा त्याने तेव्हाही सांगितली नाही! वर्तमानपत्रातील हवेच्या नकाशाची परंपरा तेथून चालत आली. योगायोग असा की हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले ते १८७५ सालीच, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच वर्षी.

गाल्टनची दुसरी देणगी हवामानातून आली नाही, आनुवंशिकतेच्या अभ्यासातून आली. बापाची उंची आणि मुलाची उंची यांचा संबंध किती, हे त्याला मोजावयाचे होते. शेकडो कुटुंबांच्या उंच्या त्याने एका चौकटीत मांडल्या. एके दिवशी रॅम्सगेटजवळच्या एका लहानशा स्टेशनावर गाडीची वाट पाहत तो ती आकृती न्याहाळीत होता, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की सारख्या संख्येची घरे जोडली तर एकात एक बसणारे लंबवर्तुळ निघते. डिसेंबर १८६१ च्या समभाररेषा ज्या डोळ्यांनी पाहिल्या, त्याच डोळ्यांनी हे पाहिले. पण ते सिद्ध कसे करावे? येथे वीस वर्षांचा असतानाचा तो मोडलेला विद्यार्थी पुन्हा उभा राहिला. गाल्टनने लाज बाळगली नाही. प्रश्नातून बाप, मुलगा, उंची हे सर्व काढून टाकून त्याला शुद्ध संभाव्यतेचे रूप दिले आणि तो केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सन नावाच्या गणितज्ञाकडे धाडला. १८८६ साली डिक्सनची सिद्धता आली. तीत गाल्टनने मोजून काढलेले आकडे जवळजवळ तसेच निघाले. गणिताच्या सत्तेविषयी आपल्याला इतका आदर पूर्वी कधी वाटला नव्हता, असा त्याच्या लिहिण्याचा भाव आहे. १८८८ च्या डिसेंबरात त्याने रॉयल सोसायटीपुढे 'कोरिलेशन', म्हणजे सहसंबंध मोजण्याची रीत मांडली. कार्ल पिअर्सनने पुढे तिला पक्के सूत्ररूप दिले.

ह्याच अभ्यासातून 'युजेनिक्स' हा शब्द आणि तो विचारही गाल्टननेच १८८३ साली प्रचारात आणला, हे झाकून ठेवता येणार नाही. माणसांची प्रतवारी लावून कोणी संतती निर्माण करावी हे ठरविण्याचा हा विचार विसाव्या शतकात अमेरिकेतील सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यांपर्यंत आणि जर्मनीतील नाझींपर्यंत पोहोचला. वारा मोजणे आणि माणसाची किंमत मोजणे यांतला भेद त्याला उमगला नाही.

आता सहसंबंधाची रीत हिंदुस्थानात कशी आली ते पाहू. १८९९ साली येथे चांगल्या पावसाचा अंदाज वर्तविला गेला होता, आणि पडला तो संवत १९५६ चा, म्हणजे छप्पन्नचा दुष्काळ. १९०४ साली हवामान खात्याच्या प्रमुखपदी गिल्बर्ट वॉकर आला. तोही ट्रिनिटीचाच, १८८९ चा सीनिअर रँग्लर, परांजप्यांच्या बरोबर दहा वर्षे आधीचा. बूमरँग हवेत कसा वळतो याचे गणित मांडणारा हा मनुष्य. ट्रायपॉसने घडविलेली सर्व शस्त्रे त्याच्याजवळ होती. पण मोसमी पाऊस त्या शस्त्रांनी साधणारा नव्हता. वातावरणाची समीकरणे लिहिता येत, सोडविता येत नसत. लुईस रिचर्डसनने ती हाताने सोडवून पाहिली, तेव्हा सहा तासांत वायुभारात १४५ मिलिबारांचा अशक्य फरक निघाला. प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिर होता. आपला हा प्रयोग रिचर्डसनने १९२२ साली प्रामाणिकपणे छापला.

तेव्हा सीनिअर रँग्लराने उचलले ते साध्या पदवीच्या गाल्टनचे हत्यार. सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांनी वर्षानुवर्षे हाताने आकडेमोड केली. मे अखेरचे हिमालयावरील बर्फ, मॉरिशसचा वायुभार, दक्षिण अमेरिकेतला वायुभार, झांझिबारचा पाऊस, यांचा आपल्या पावसाशी सहसंबंध किती, हे काढून वॉकरने अंदाजाची सूत्रे केली. त्यातूनच १९२४ च्या सुमारास त्याने पॅसिफिक व हिंदी महासागर यांमधील वायुभाराच्या झोक्याला 'सदर्न ऑसिलेशन' हे नाव दिले. हा झोका आणि पेरूच्या किनाऱ्यावरील 'एल निन्यो' यांचे नाते जेकब बियर्कनेसने १९६९ साली उलगडले. १९२८ मध्ये कचेरी पुण्यास आली. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरातील चौक सिमला ऑफिसच्याच नावाने ओळखला जातो.

वॉकरने १९१४ सालीच एक सावधगिरी सांगून ठेवली होती. शेकडो सहसंबंध काढले तर त्यांतले काही निव्वळ योगायोगाने मोठे दिसणारच. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रतिगमन-प्रारूप पुढे आणले. 'प्रतिगमन' ही कल्पनाही गाल्टनचीच. गोवारीकर जन्माने पुण्याचे, आणि त्यांची डॉक्टरेट गाल्टनच्या बर्मिंगहॅमची. अनेक वर्षे ह्या प्रारूपाने लोकांचा विश्वास मिळविला. २००२ साली त्यावरून देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे सांगण्यात आले. जुलै महिना कोरडा गेला, पेरण्या वाया गेल्या, आणि हंगामाअखेर पाऊस भरला ८१ टक्के. सोळा घटक पुन्हा एकेक करून तपासले तेव्हा त्यांतील बऱ्याच घटकांचा पावसाशी असलेला जुना संबंध विरून गेल्याचे आढळले. २००३ साली खात्याने ते प्रारूप बाजूला ठेवून आठ आणि दहा घटकांची नवी सूत्रे घेतली.